कडीचा आवाज

आमच्या बाथरूमच्या दाराला आतून एक स्टीलची कडी होती, सरकवली की टक् करून वाजायची. दिवसा ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही, पण रात्री बारा वाजून गेले, लिफ्टची घरघर थांबली, वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला की तो टक् सगळ्या घरात ऐकू यायचा. आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे चिंचवडला राहायला आले, तेव्हापासून जवळजवळ दोन वर्षं मी तो आवाज अर्धवट झोपेत ऐकत होते. आधी पलंगाची कुरकुर, मग चपला चाचपणारे पाय, भिंतीला घासत जाणारा हात, मग टक्. थोड्या वेळानं परत टक्. मी कूस बदलायचे आणि झोपून जायचे. रात्रीतून असं चारदा व्हायचं, कधी पाचदा. सकाळी चहाच्या वेळी मी विचारायचे, अण्णा झोप लागली का, ते म्हणायचे लागली की, आणि ते खरं नाही हे दोघांनाही माहीत असायचं.

या त्रासाला स्वतःचं असं नाव आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. नॉक्टुरिया. लॅटिनमधला रात्रीचा शब्द आणि ग्रीकमधला लघवीचा शब्द जोडून तो केलाय. ऐकायला परका वाटतो पण त्याचा पहिला अर्धा भाग आपल्या ओळखीचा आहे, कारण संस्कृतमधलं नक्त आणि लॅटिनमधलं नॉक्ट हे एकाच मुळातून आलेले, दोन्हीचा अर्थ रात्र. आई श्रावणात नक्त करायची, दिवसभर काही न खाता दिवेलागणीनंतर एकदाच जेवायची, म्हणजे हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. मराठीत मात्र या दुखण्याला आपण नीट नावच ठेवलेलं नाही. रात्री उठावं लागतं, एवढंच म्हणतो, कशासाठी ते गिळून टाकतो. लहान पोरं करंगळी दाखवतात, मोठी माणसं नुसतं जाऊन येतो म्हणतात, लघुशंका हा शब्द तर फक्त छापलेला दिसतो. ज्याचा उच्चार करायचा नाही त्याबद्दल विचारणार तरी कसं, असं मला आता वाटतं, पण तेव्हा मी विचारलं नाही याचं हे कारण नव्हतं. कारण असं होतं की मला ते वयाचंच वाटत होतं. पंच्याहत्तरी झाली, उठणारच की रात्री.

आणि आमच्या घरात रात्री उठणं काही नवीन नव्हतं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. घर जुनं, पुढं सोपा, मागं न्हाणी आणि त्याच्या मागं लांबलचक परडं. मी पाचवी-सहावीत असताना घरात संडास नव्हता, बायका पहाटे अंधारात नाहीतर रात्री अंधारात जायच्या, आणि मधल्या वेळेचं ज्याचं त्यानं बघायचं. लघवीला परड्यात जायचं. आई रात्री मला हलवून उठवायची, उठ गं, बॅटरी घेऊन जरा उभी राहा. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी डोळे चोळत दाराच्या उंबऱ्यावर उभी राहायचे, कडबा रचलेला असायचा त्याच्या पलीकडे आई जायची आणि मी उजेड जमिनीवर धरायचे, तिच्यावर पडू नये म्हणून थोडा बाजूला. विंचूकाट्याची भीती असायची, त्यातही मण्यारीची जास्त, ती रात्रीच फिरते. पावसाळ्यात चिखल, थंडीत दात वाजायचे. मला राग यायचा झोपमोड झाली म्हणून, आणि आई परत येताना माझ्या डोक्यावर हात ठेवायची, बाकी काही बोलायची नाही.

उठावं लागू नये म्हणून आईनं एक उपाय शोधला होता, संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायचं नाही. उन्हाळ्यात, रानातून आल्यावरसुद्धा, घोटभर चूळ भरून सोडून द्यायची. त्यामुळं तिला दर उन्हाळ्यात उन्हाळी लागायची, लघवीला आग, कळ, मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि दोन दिवसांनी परत तेच. मी कितीतरी बायका अशा बघितल्यात. प्रवासाला निघायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या, ऑफिसातली बाथरूम घाण म्हणून दिवसभर दाबून ठेवणाऱ्या. मुंबईत २०११ साली बायकांनी राईट टू पी नावाची चळवळ सुरू केली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे का घेता, हा साधा प्रश्न घेऊन. मी त्याची बातमी वाचली तेव्हा मला आईची पाचनंतरची चूळ आठवली होती.

२००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आमच्याच तालुक्यातले आर. आर. आबा तेव्हा ग्रामविकास मंत्री होते, त्यामुळं आमच्या भागात त्याचं वारं जोरात होतं. त्या लाटेत आमच्याही घरी संडास झाला. पण घराला चिकटून संडास नको असं आजीचं म्हणणं, म्हणून तो बांधला परड्याच्या पार टोकाला. म्हणजे रात्री चालायचं अंतर उलट वाढलंच. मी तोवर लग्न होऊन आले होते, बॅटरी धरायला कोणी नव्हतं, आणि आईनं पाणी पाचच्या जागी चारला बंद केलं.

हे सगळं माहीत असलेली मी, इथं चिंचवडमधे दहा पावलांवर बाथरूम, रात्रभर झिरोचा बल्ब चालू, त्यामुळं अण्णांना काही त्रास असेल असं मला वाटलंच नाही.

मागच्या श्रावणात एका रात्री कडीचा टक् आला पण दुसरा आला नाही. त्याऐवजी बादली पडल्याचा आवाज आला. मी धावले, दार आतून लावलेलं, अण्णा आतून सांगतायत काही नाही गं, पाय सटकला जरा. नवऱ्यानं खांद्यानं दार ढकलून कडी उखडली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, तुम्ही झोपा, सकाळी बघू. मनगटाचं हाड मोडलं होतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले खुब्याचं नाही मोडलं हे नशीब समजा, या वयात रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडलेली माणसं आमच्याकडं सारखी येतात. मग त्यांनी विचारलं, रात्री किती वेळा उठता आजोबा? अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी उत्तर दिलं, चार-पाच वेळा. मला आकडा बरोबर माहीत होता. दोन वर्षं मी मोजत होते आणि मी त्याचं काहीच केलं नव्हतं, हे मला त्या केबिनमधे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

असं नाही की आधी दाखवलंच नव्हतं. वर्षभरापूर्वी एका डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यांनी दोन मिनिटांत सोनोग्राफी बघितली, पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती प्रोस्टेटची ग्रंथी थोडी वाढलीय, वयोमानानं होतं, म्हणून टॅमसुलोसिनची गोळी दिली. अण्णा ती नेमानं घेत होते. उठणं काही कमी झालं नव्हतं. आणि या गोळीनं उभं राहताना बीपी एकदम खाली येऊ शकतं, रात्री झोपेतून उठल्यावर पलंगावर दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

या वेळी ज्या युरॉलॉजिस्टकडं, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडं गेलो ती वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी होती. तिनं गोळी लिहिली नाही, सोनोग्राफीही नंतर बघते म्हणाली, आधी तीन दिवसांचा चार्ट करून आणा. कधी गेलात, किती झाली, काय प्यायलात, झोपायला कधी गेलात, उठलात कधी. मोजायला प्लास्टिकचा मापाचा मग घ्या. मला वाटलं अण्णा नाही म्हणतील, चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून मान मिळालेला माणूस मगात लघवी मोजेल का. पण घरी आल्यावर त्यांनी नातवाकडून एक फुलस्केप वही घेतली, उजवा हात प्लास्टरमधे म्हणून मला पट्टी धरायला सांगितली आणि डाव्या हातानं रेघा मारल्या. हजेरीपत्रकाला मारतात तशा. वार, वेळ, माप, पेय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पहिल्याच रात्री लिहिलं, स्वप्न मोडले.

पहिल्या दिवसाचं पान माझ्याकडं अजून आहे. सकाळी साडेनऊ, ११० मिली. पावणेएक, १२०. सव्वाचार, १३०. साडेसात, १३०. दहाला झोपताना, १२०. मग रात्र सुरू होते. अकरा चाळीस, २५०. एक दहा, ३००. दोन पस्तीस, २८०. चार वाजता, २४०. सकाळी सहाला उठल्यावर, २००. दिवसभराची बेरीज ६१० आणि रात्रीची १२७०. मी ही बेरीज दोनदा केली. पहाटे उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरतात, कारण ती रात्री साठलेली असते, हेही मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरनं पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हा मूत्राशयाचा प्रश्न कमी आहे, बघा, प्रोस्टेटमुळं अडत असतं तर दिवसासुद्धा पळापळ झाली असती आणि रात्री दर वेळी थोडी थोडी आली असती. आजोबांना रात्री दर वेळी चांगली अडीचशे-तीनशे होतेय. म्हणजे मूत्राशय बरोबर भरतंय आणि बरोबर उठवतंय. शरीर रात्री लघवी तयारच जास्त करतंय. पासष्टीनंतर दिवसरात्र मिळून जेवढी लघवी होते त्याच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त जर रात्री होत असेल तर ते वेगळं दुखणं, त्याचं कारण दुसरीकडं शोधायचं. अण्णांची जवळजवळ ६८ टक्के होती. मग तिनं त्यांना पायजमा थोडा वर घ्यायला सांगितला, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

ते पाय मी रोज बघत होते. संध्याकाळी मोज्याची रेघ उमटलेली असायची, चप्पल घट्ट व्हायची. पण पाय सुजणं आणि रात्री उठणं यांचा काही संबंध असेल हे मला सुचलंच नसतं. तिनं ते इतकं सोपं करून सांगितलं की मी घरी येऊन नवऱ्याला, भावाला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना सांगत सुटले. दिवसभर माणूस बसलेला किंवा उभा असतो, वयानं शिरा सैल झालेल्या, पाणी खाली पायात उतरतं आणि तिथं मुरतं. रात्री आडवं झालं की ते पाणी परत रक्तात येतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण पडतो, ते एक हार्मोन सोडतात, मूत्रपिंडाला निरोप जातो की पाणी जास्त झालंय, काढा. त्यात तरुणपणी रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते लघवी आटवून ठेवतं म्हणून सात-आठ तास सलग झोपता येतं, वय वाढलं की रात्रीची ती वाढ कमी होत जाते. म्हणजे दिवसा पायात साठवलेलं पाणी अण्णा रात्री बाथरूममधे नेऊन टाकत होते, चार हेलपाट्यात.

तिनं बीपीची गोळी विचारली. अॅम्लोडिपिन, सहा वर्षांपासून. ती म्हणाली या गोळीनं काही लोकांचे घोटे सुजतात, तुमच्या फिजिशियनशी बोला, स्वतःच्या मनानं बंद करू नका. शुगर बघितली, कारण शुगर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी बरोबर ओढून नेते, ती ठीक निघाली. हृदयाची टूडी एको झाली, किडनीचं रक्त झालं. आजोबा घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारलं, कारण श्वास अडकला की छातीत ओढ पडून हृदयाचा तोच कप्पा ताणला जातो, तेच हार्मोन सुटतं, आणि माणसाला वाटतं आपण लघवीसाठी उठलो, खरं तर त्याला श्वासानं उठवलेलं असतं. तेव्हा मला माझा चुलत मामा आठवला, आयुष्यभर घोरला, आयुष्यभर रात्री चारदा उठला आणि दुपारी जेवताना ताटावर डुलक्या घ्यायचा, सगळे म्हणायचे आळशी आहे. तो आता नाही. त्याला हे कुणी विचारलं असतं तर, असं वाटत राहतं.

घरी एवढंच बदललं. फिजिशियननं अॅम्लोडिपिन बंद करून दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. दुपारी जेवणानंतर अण्णा तासभर दोन उशांवर पाय ठेवून पडतात, म्हणजे पायातलं पाणी दुपारीच परत फिरतं आणि संध्याकाळच्या आत निघून जातं. सकाळी उठल्या उठल्या घट्ट मोजे, ते घालताना मला त्यांच्यापुढं खाली बसावं लागतं, पहिले काही दिवस त्यांना ते फार अवघड गेलं. रात्रीचा चहा बंद. आणि मीठ. मिठाचं मला सगळ्यात नवल वाटलं. जपानमधे नागासाकीच्या डॉक्टरांनी २०१७ मधे मांडलेला एक अभ्यास तिनं सांगितला, तीनशेच्या वर लोक होते, ज्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं त्यांचं रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं, आणि ज्यांचं मीठ वाढलं त्यांचं उठणं वाढलं. आमच्याकडं रात्रीच्या ताटात भाकरी, खर्डा, पापड आणि लिंबाचं लोणचं हे ठरलेलं. अण्णांनी पापड सोडला, लोणचं दुपारी खातात, खर्डा मात्र माझ्याकडून सुटला तरी चालेल पण त्यांच्याकडून सुटणार नाही, तेवढं मी मान्य केलंय, मीठ निम्मं घालते.

एक औषध असंही आहे, डेस्मोप्रेसिन, व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं. मी नेटवर वाचून विचारलं. ती म्हणाली या वयात त्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं, दिलं तरी सारखं रक्त तपासत राहावं लागतं, आधी बाकीचं करून बघू. ते द्यावं लागलं नाही.

पाणी कमी करू का असं अण्णांनी विचारलं तेव्हा ती चटकन नाही म्हणाली. दिवसभराचं पाणी तेवढंच प्या, फक्त संध्याकाळनंतर बेतानं. मला आईचं पाचनंतर बंद केलेलं पाणी आठवून घशाशी आलं काहीतरी, मी खिडकीकडं बघत बसले.

चरकसंहितेत जी तेरा वेगांची यादी आहे, शरीराच्या ज्या हाका दाबून ठेवू नयेत त्यांची, त्यात सुरुवातीलाच मूत्र आहे. अण्णांना संस्कृत येतं, त्यांनी ती मला म्हणून दाखवली, आणि म्हणाले त्याच यादीत शेवटाकडं निद्राही आहे बघ. झोपही अडवायची नाही. मग रात्री दोन्ही एकदम हाक मारायला लागले तर माणसानं कुणाचं ऐकायचं? ते हे सहज म्हणाले, पण या माणसानं दोन वर्षं रोज रात्री चार वेळा या प्रश्नाचं उत्तर दिलंय हे माझ्या डोक्यातून जात नाही. झोप लागल्यावरचे पहिले तीन-चार तास सगळ्यात गाढ झोपेचे असतात, अण्णांची पहिली जाग अकरा चाळीसला, दुसरी एक दहाला. म्हणजे गाढ झोप त्यांना मिळतच नव्हती. ते दिवसा विसरायला लागलेत, चिडचिड करतात, पेपर वाचता वाचता पेंगतात, हे आम्ही आई गेल्याचं दुःख समजत होतो. तेही असणारच. पण त्यातलं किती दुःख होतं आणि किती नुसती झोप हवी होती, हे आता वेगळं काढता येत नाही.

दोन महिन्यांनी उठणं दोनवर आलं, कधी कधी एक. सत्तरीनंतर निम्म्याहून जास्त लोक रात्री एकदा तरी उठतातच, एकदा उठण्याची काळजी करू नका, दोनच्या वर गेलं की लोकांना खरा त्रास होतो, असं ती म्हणालीच होती. नवीन कडी बसवली नाही, नवऱ्यानं दाराला बाहेरूनही उघडेल असा लॉक लावला. पलंगापासून बाथरूमपर्यंत खाली जमिनीलगत छोटे दिवे लावले, माणूस हलला की आपोआप लागतात. पहिल्या रात्री ते लागलेले बघून अण्णा पॅसेजमधेच उभे राहिले होते.

मी पण उभी होते. कारण गेले सात-आठ महिने मलाही रात्री जाग येते, तीनच्या सुमाराला, कधी त्याच्या आधी एकदा. वय एक्कावन्न, पाळी जवळजवळ गेल्यातच जमा, अंगातून गरम वाफा येतात, मग उठतेच तर जाऊन येते. कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी त्या मिणमिणत्या उजेडात माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, तू कितीदा उठतेस?

मी म्हटलं, काही नाही अण्णा, आत्ताच जरा.

सकाळी चहा घेऊन गेले तर ती फुलस्केप वही त्यांच्या मांडीवर होती. प्लास्टर निघाल्यापासून उजव्या हातानं लिहितात, अक्षर अजून थोडं हलतं. आपली पानं संपतात त्याच्या पुढं एक कोरं पान सोडून त्यांनी नव्या रेघा मारल्या होत्या, वार, वेळ, माप, पेय, शेरा, आणि वर मधोमध माझं माहेरचं पूर्ण नाव लिहिलं होतं, शाळेच्या हजेरीत लिहायचे तसं.